धोका उंचीचा की उताराचा?

धारवाड जिल्ह्यातल्या अळणावरहून पश्चिमेकडे निघालेली गाडी लोंडा सोडते तोवर आपण पर्वतावर आहोत याची प्रवाशाला कल्पनाही येत नाही. साग, ऐन, बांबूची बेटं, मधूनच भाताची खाचरं आणि जवळपास सपाट जमीन. कॅसल रॉकनंतर रूळ एकदम दरीच्या काठाला येतात आणि पुढच्या २६ किलोमीटरांत, दर ३७ फुटांना एक फूट अशा उताराने, बोगद्यामागून बोगदे पार करत कुळेपर्यंत खाली उतरतात. ३१० मीटरांवरून चार टप्प्यांत कोसळणारा दूधसागर याच उतारावर आहे. हिमालयाकडे मान वर करून पाहावं लागतं; घाटमाथ्यावरच्या माणसाला मात्र सह्याद्री पायाखालून सुरू होताना दिसतो. त्यामुळे आपण पर्वतावर राहतो हे आमच्या भागात फारसं कुणाच्या मनात येत नाही. पर्वत म्हटलं की एव्हरेस्ट, फार तर कांचनगंगा, आणि पर्वतावरचा मृत्यू म्हटलं की बर्फात हरवलेला गिर्यारोहक.

जगातल्या मोठ्या पर्वतांचं सौंदर्य आणि त्यांचा धोका यांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि चांगलं लिहिलं गेलं आहे. ते बहुतेक चढणाऱ्याच्या बाजूने लिहिलेलं आहे. चढणारा स्वतःहून जातो, तयारीने जातो, धोका ओळखून जातो. पण पर्वतावर सगळे असे जात नाहीत. कुणी नोकरीपायी जातो, कुणी कर्तव्यापायी, आणि लाखो माणसं तिथेच जन्मतात. या सगळ्यांचा धोका एकत्र मांडून पाहिला, तर उंचीचा आणि मृत्यूचा संबंध आपण समजतो त्यापेक्षा बराच सैल निघतो. धारवाड जिल्ह्याच्या पश्चिम टोकावरून हे जास्त स्पष्ट दिसतं. हिमालयातलं मरण आणि घाटातलं मरण, दोन्ही या जिल्ह्याने पाहिलेली आहेत.

आधी दगडांविषयी थोडं. भूगर्भशास्त्रात धारवाडचं नाव जगभर घेतलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भतज्ज्ञाने इथल्या प्राचीन खडकांना धारवाड हे नाव दिलं आणि ते रूढ झालं. या खडकांचं वय २५० कोटी वर्षांहून अधिक आहे. महाराष्ट्राच्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. बेळगाव जिल्ह्यात तो संपत जातो आणि हे जुने खडक वर येतात. हिमालय त्याहून लहान. भारताची भूमी आशियाला भिडली ती सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, आणि ती टक्कर अजून चालू आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडकात समुद्री जिवांचे अवशेष सापडतात. जो पर्वत अजून वर उचलला जातो आहे त्याचे धोके भूकंप, हिमकडे आणि सुटे कडे हे. जो कोट्यवधी पावसाळे झेलून झिजला आहे त्याचा धोका त्याच्या अंगावर साचलेल्या मातीत असतो. दोन्हीकडे तोल उताराचाच, पण एकाकडे लक्ष जातं ते बर्फामुळे आणि दुसरा हिरवागार असल्यामुळे नजरेतून सुटतो.

हिमालयात हौसेने जाण्याची मराठी परंपरा आता चांगली रुजली आहे. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. तिथे पोचणारे ते पहिले महाराष्ट्रीय. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेने २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्टची मोठी नागरी मोहीम नेली आणि तिचे आठ गिर्यारोहक माथ्यावर पोचले. मे २०१९ मध्ये याच संस्थेचे दहा जण कांचनगंगेवर चढले. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी एप्रिल २०२१ मध्ये अन्नपूर्णा सर केली. ते करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. अन्नपूर्णा हे आठ हजार मीटरांवरच्या चौदा शिखरांमधलं सर्वांत आधी, १९५० मध्ये, सर झालेलं शिखर. तरी पुढची कित्येक वर्षं माथा गाठणाऱ्या दर तिघांमागे एकाचा मृत्यू असं काहीसं तिथलं भीषण प्रमाण राहिलं. तिथे कडा चढण्याइतकाच, वरून सुटणाऱ्या हिमाच्या लोटाखालून वेळेत निघून जाण्याचा प्रश्न असतो, आणि त्या लोटापुढे कौशल्याचा उपाय थोडाच चालतो.

ही मंडळी का जातात? त्याचं उत्तर त्यांच्या लिखाणात शोधण्याची गरज नाही, पावसाळ्यानंतरच्या एखाद्या सकाळी कोणत्याही गडाच्या माथ्यावर उभं राहिलं तरी ते मिळतं. उभा उतार नसता तर दूधसागर हा एक साधा ओढा राहिला असता. बर्फ माथ्यावरून सरकत नसतं तर दरीतली हिमनदी आणि तिचं निळं पाणीही नसतं. ज्या उंचीमुळे आणि उतारामुळे पर्वत पाहावासा वाटतो, त्याच उंची-उतारावरून दगड, पाणी आणि बर्फ खाली येतं. म्हणून सुंदर भाग निवडून धोकादायक भाग टाळता येईल असा पर्वत कुठेच मिळत नाही. गिर्यारोहकांनी हे केव्हाच पत्करलं, आणि त्यातूनच त्यांची शिस्त जन्माला आली. उंचीची शरीराला हळूहळू सवय करायची. हवामानाची खिडकी उघडेपर्यंत तळछावणीवर दिवसचे दिवस थांबायचं. ठरल्या वेळेला, माथा डोळ्यांसमोर असला तरी, मागे फिरायचं. माथ्यावर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो; तिथे घेतलेल्या निर्णयावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून तो खाली असतानाच घेऊन ठेवायचा.

ही शिस्त सुटली की काय होतं ते मे २०१९ मध्ये एव्हरेस्टवर दिसलं. माथ्याजवळच्या धारेवर लागलेल्या माणसांच्या रांगेचं छायाचित्र त्या वेळी जगभर छापून आलं. त्याच दिवसांत पुण्याचा सत्तावीस वर्षांचा एक तरुण आणि मुंबईची पंचावन्न वर्षांची एक गिर्यारोहक यांचा परतीच्या वाटेवर अंत झाला. गर्दीत तासन् तास अडकून पडल्याने प्राणवायू आणि ताकद दोन्ही सरल्याचं त्यांच्या सोबत्यांनी सांगितलं. त्या मोसमात एव्हरेस्टवर अकरा माणसं गेली, आणि त्या मोसमाची चर्चा हिमवादळापेक्षा गर्दीचीच जास्त झाली. उंची तीच, उतार तोच, हवा बरी. वाढली होती ती माणसं.

गिर्यारोहणाचा इतिहास लिहिताना त्यातल्या मजुरीचा हिशेब बहुतेक राहून जातो. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातावर बर्फाचा कडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार गेले. ते त्या वेळी दुसऱ्यांच्या मोहिमांसाठी दोर आणि सामान वर नेत होते. ते पर्वतावर होते, पण स्वतःच्या स्वप्नापायी नव्हते.

आणि कर्तव्यापायी गेलेल्यांचं काय, हे धारवाड जिल्ह्याला सांगण्याची गरज नाही. कुंदगोळ तालुक्यातल्या बेटदूर गावचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सियाचिनवर १९ मद्रास बटालियनच्या चौकीत होते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी, सुमारे १९,६०० फुटांवर, बर्फाची प्रचंड भिंत चौकीवर कोसळली आणि दहा जवान गाडले गेले. सगळेच गेले असं मानलं गेलं होतं. शोधपथकं बर्फ कापत राहिली, श्वानपथकाने जागा दाखवली, आणि सहाव्या दिवशी, पंचवीस फुटांहून अधिक बर्फाखालून हणमंतप्पा जिवंत बाहेर आले. त्या दोन-तीन दिवसांत हुबळी-धारवाडच्या गल्लीबोळात, देवळांत, मशिदींत, शाळांत जी प्रार्थना झाली ती ज्याने पाहिली तो विसरणार नाही. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. हुबळीत अंत्यदर्शनासाठी लोटलेल्या गर्दीनंतर बेटदूरच्या मातीत त्यांना ठेवण्यात आलं. कुंदगोळ म्हणजे काळ्या मातीचा सपाट मुलूख, सवाई गंधर्वांचं गाव. तिथल्या एका शेतकरी घरातल्या माणसाला जगातल्या सर्वांत उंच रणभूमीवर मरण आलं. सियाचिनवर गोळीपेक्षा थंडी, उंची आणि हिमकडे यांनी जास्त जवान नेले आहेत. तिथल्या जवानाला हवामानाची खिडकी उघडेपर्यंत खाली थांबायची मुभा नसते.

आता घाटाकडे येऊ. इथे उंची किरकोळ आहे. कळसूबाई १,६४६ मीटर; आमच्या भागातले माथे हजाराच्या अलीकडे-पलीकडे. हिमालयातल्या लोकांनी याला टेकड्याच म्हटलं असतं. आणि तरीही मराठी माणसांचे मोठ्या संख्येने बळी घेणारा पर्वत हाच आहे. जुलै २००५ मध्ये महाड-पोलादपूर भागात जुई, दासगाव अशा गावांवर दरडी आल्या आणि दोनशेच्या आसपास माणसं गेली. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, १५१ बळी. गाव जागेवर नाही ही बातमी बाहेर नेली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाने. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये. ऐंशीहून अधिक मृत्यू. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी वसलेली ठाकरांची इर्शाळवाडी. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसं मातीतच राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला.

इर्शाळवाडीपाशी जरा थांबलं पाहिजे. वाडीला गाडीरस्ता नव्हता. वर जायचं तर पावसात, चिखलात, तासाभराची चढण. यंत्रं वर नेता येईनात, म्हणून जवानांनी आणि स्वयंसेवकांनी फावड्यांनी आणि हातांनी माती उपसली. वर चढताना बचावासाठी निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. मदतीला धावलेल्यांत परिसरातले गिर्यारोहक होते, कारण ती पायवाट त्यांना पाठ होती. इर्शाळगड हा मुंबई-पुण्याच्या ट्रेकर्सचा आवडता गड. शनिवार-रविवारी कित्येकांनी त्या वाडीत चहा घेतला असेल, भाकरी खाल्ली असेल. आणि ही वाडी सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे नंतर विधिमंडळातच सांगितलं गेलं. त्या डोंगराचं देखणेपण हजारो लोकांना माहीत होतं. त्याचा उतार केव्हा सुटेल याचा अभ्यास त्या उताराखाली राहणाऱ्यांसाठी कुणी केला नव्हता.

दरड सुटते कशी हे समजून घेणं अवघड नाही. आपल्याकडच्या उतारावर तळाला कातळ असतो, त्यावर कुजलेल्या, भुसभुशीत झालेल्या खडकाचा थर आणि वर माती. गोवा-कारवारकडे यात जांभ्याचा थर येतो: वरून टणक, आतून पोकळ्यांनी भरलेला. त्याच्या खाली बहुधा पांढरट-गुलाबी चिकणमाती असते. कारवार-मंगळुरूकडे तिला शेडी म्हणतात. ही शेडी कोरडी असताना हाताला घट्ट लागते आणि पाणी प्यायली की बोटांतून निसटते. जांभा पाणी खाली जाऊ देतो, शेडी ते अडवते. पाऊस आठवडाभर रोज पडत राहिला की दोहोंच्या मध्ये पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि वरचा सगळा भार घसरू लागतो. खोल मुळांची झाडं त्या मातीला काही प्रमाणात शिवून ठेवतात. उतारावर सपाटी करण्यासाठी वरची झाडी काढली, वर घरांचा किंवा भरावाचा भार टाकला, नाहीतर रस्त्यासाठी उताराचा पाय उभा कापला, की मग कमी पावसातही हे घडतं.

डोंगर बहुधा आधी सांगतो. घराच्या वरच्या अंगाला जमिनीत अर्धचंद्रासारखी भेग पडते आणि दिवसागणिक रुंदावते. विजेचे खांब आणि झाडं खालच्या बाजूला कलतात. दारं-खिडक्या अचानक लागेनाशा होतात, कारण चौकट किंचित वाकडी झालेली असते. कधी नव्हे तिथे झरा फुटतो, किंवा नेहमीच्या झऱ्याला गढूळ पाणी येतं. सर्वांत वाईट खूण म्हणजे भर पावसात ओढ्याचं पाणी एकाएकी कमी होणं: वर कुठेतरी मातीने ओढा अडवलेला असतो आणि तो बांध फुटला की खाली वेळ उरत नाही. जुन्या माणसांना या खुणा अर्ध्यामुर्ध्या ठाऊक असतात. त्या दिसल्यावर रात्री अकरा वाजता कुणाला सांगायचं आणि मुलं-गुरं घेऊन कुठे जायचं, हे मात्र बहुतेक गावांत ठरलेलं नसतं.

हा प्रश्न महाराष्ट्राचा म्हणून सोडून देण्याचं कारण नाही. धारवाडच्या सोमेश्वर देवळापाशी शाल्मला उगम पावते. आमच्या गावांच्या दक्षिणेने ती खाली जाते, बेडतीला मिळते, मागोडजवळ कड्यावरून झेप घेते आणि अंकोला तालुक्यात गंगावळी या नावाने समुद्राला मिळते. याच गंगावळीच्या काठी, शिरूर इथे, १६ जुलै २०२४ च्या सकाळी राष्ट्रीय महामार्ग ६६ वर डोंगर कोसळला. रुंदीकरणासाठी त्या डोंगराचा पाय उभा कापलेला होता. रस्त्याकडेचं चहाचं हॉटेल आणि ते चालवणारं कुटुंब, उभी वाहनं, सगळं नदीत गेलं. नदीत पडलेल्या मातीने पाण्याची लाट उठवली आणि ती पलीकडच्या उळुवरे गावात शिरली. तिथेही घरं पडली, एक बाई गेली. एकूण अकरा बळी. लाकूड भरून केरळला निघालेला एक ट्रक चालकासह नदीच्या तळातून वर काढायला सप्टेंबर उजाडला. या माणसांतलं कुणीही डोंगर चढायला गेलेलं नव्हतं. एक चहा पाजत होता, एक प्यायला थांबला होता.

अळणावरहून जाणाऱ्या लोहमार्गावर हेच रोजच्या कामाचा भाग म्हणून पाहायला मिळतं. हा घाट १८८८ मध्ये रेल्वेसाठी खुला झाला, पोर्तुगिजांच्या गोव्याला ब्रिटिश मुलखाशी जोडण्यासाठी. आजही इथे चढणीला गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं लागतात. पावसाळ्यात गँगमन रात्रभर हातात बत्ती घेऊन रुळावरून गस्त घालतात, नाजूक जागी पहारेकरी बसतात. २३ जुलै २०२१ रोजी, म्हणजे तळियेच्या दुसऱ्याच दिवशी, दूधसागर आणि सोनावळीच्या दरम्यान दरड आली आणि मंगळुरूहून मुंबईला जाणारी गाडी रुळांवरून घसरली. प्रवासी सुखरूप राहिले. कोकण रेल्वेवर २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक माणसं गेली होती. त्यानंतरच्या वर्षांत पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक, कमी वेग आणि वाढीव गस्त यांची तिथे सवयच लागली. प्रवाशांना गाड्या उशिरा धावण्याचा त्रास होतो. माझ्या मते आपल्याकडे पर्वताशी केलेला हा सर्वांत शहाणा व्यवहार आहे: डोंगर जास्त धोक्याचा असतो त्या महिन्यांत आपण सावकाश जायचं.

याच घाटात दुसरा रूळ टाकण्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २०२२ मध्ये न्यायालयाने कॅसल रॉक-कुळे दुहेरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. गोव्यातल्या आंदोलकांचा मुख्य आक्षेप जंगल आणि कोळसा वाहतुकीवर होता. मला त्या जोडीला उताराचा मुद्दा तितकाच महत्त्वाचा वाटतो. एक रूळ सांभाळताना दर पावसाळ्यात जिथे जीव मुठीत धरावा लागतो, तिथे शेजारी आणखी एक छेद घेण्याआधी तो उतार काय म्हणतो ते ऐकायला हवं.

कायद्याची गोष्ट निराशाजनक आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. तो फार कडक ठरवून कस्तुरीरंगन गट नेमला गेला. त्याने २०१३ मध्ये सुमारे ६० हजार चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील म्हणून सुचवलं. त्यानंतर केंद्राने मसुद्यामागून मसुदे काढले. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडच्या महाभयंकर दरडीच्या दुसऱ्याच दिवशी. त्यात कर्नाटकाचा वाटा सर्वांत मोठा, २०,६६८ चौरस किलोमीटरांचा. दोन महिन्यांच्या आत कर्नाटक मंत्रिमंडळाने कस्तुरीरंगन अहवाल फेटाळण्याचा निर्णय घेतला. घाटातल्या शेतकऱ्याची भीती खोटी नाही. जोयडा, खानापूरच्या जंगलात माणसांनी अभयारण्यं वाढताना आणि आपले हक्क आखडताना पाहिलं आहे; नकाशावर रेघ आली की आधी आपली गोठ्याची परवानगी अडते आणि खाणवाल्याची मागाहून, हा त्यांचा अनुभव आहे. पण या भांडणात उताराखालच्या घरांची सुरक्षितता हा साधा मुद्दा दोन्ही बाजूंनी हरवला. त्यासाठी साठ हजार चौरस किलोमीटरांची अधिसूचना लागत नाही. हजार-दोन हजार विशिष्ट उतार ओळखून तिथे बांधकाम, खोदाई आणि रस्ताकाम यांना नियम लावले तरी पुष्कळ जीव वाचतील. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हिशेबाने देशातली सव्वाचार लाख चौरस किलोमीटर जमीन दरडप्रवण आहे, आणि त्यातली नव्वद हजार पश्चिम घाट आणि कोकणपट्टीत. म्हणजे कुठे पाहायचं हे ढोबळमानाने माहीत आहे.

पर्यटनाबद्दल थोडक्यात. जुलै २०२३ मध्ये गोव्यात मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यावर वनखात्याने धबधब्यांवर बंदी घातली, आणि त्याच महिन्यात दूधसागरला रुळांवरून चालत निघालेल्या शेकडो तरुणांना रेल्वेने अडवून परत पाठवलं. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. सरसकट बंदी मला पटत नाही. पावसातला सह्याद्री तरुणांना दाखवायचाच नाही, तर तो राखायला पुढे येणार कोण? मात्र गिर्यारोहणातली मागे फिरण्याची वेळ इथेही लागू करता येते: वर ढगफुटीसारखा पाऊस चालू असेल तर ओढ्यात उतरायचं नाही, आणि हे सांगायला प्रत्येक वाटेच्या तोंडाशी स्थानिक वाटाड्या हवा, त्याला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत.

जगाचा अनुभव काय सांगतो? कोलंबियात १९८५ मध्ये नेवादो देल रुइझ हा बर्फाळ ज्वालामुखी जागा झाला. चिखलाचा लोट कुठे जाईल याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता. आर्मेरो गाव हलवलं गेलं नाही आणि वीस हजारांहून अधिक माणसं एका रात्रीत गेली. उलट उदाहरण ताजं आहे. २८ मे २०२५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या ब्लाटेन गावावर बर्च हिमनदी आणि तिच्यावरचा कडा कोसळला; गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. नऊ दिवस आधीच तिथल्या सुमारे तीनशे माणसांना बाहेर काढलं होतं, गुरंसुद्धा. मृत्यू एकाचा झाला. गाव वाचलं नाही, माणसं वाचली. श्रीमंत देशाचं उदाहरण म्हणून ते बाजूला सारू नये. हाँगकाँगमध्ये १९७२ च्या एका जूनच्या दिवशी उतार कोसळून सव्वाशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा ते शहर दाटीवाटीचं आणि गरीब झोपड्यांचं होतं. १९७७ पासून तिथे उतारांसाठी वेगळं कार्यालय आहे, पावसाच्या आकड्यांवरून दरडीचा इशारा दिला जातो आणि बळींची संख्या नगण्य झाली आहे.

आपल्याकडेही सुरुवात झालेली आहे, आणि ती मुख्यतः माणसांच्या जिद्दीने. वायनाडमध्ये ह्यूम सेंटर या छोट्या संस्थेने शेतकऱ्यांच्या घरी पर्जन्यमापक बसवले, आणि जुलै २०२४ च्या दरडीआधी त्या आकड्यांवरून प्रशासनाला सावध केलं होतं. त्या इशाऱ्यावर वेळेत हालचाल झाली नाही, आणि अडीचशेहून अधिक माणसं गेली. पुण्याच्या सेंटर फॉर सिटिझन सायन्सचा ‘सतर्क’ उपक्रम पश्चिम घाटासाठी दरडींचे इशारे देतो. कर्नाटकाची बाजू तर याबाबत भक्कम आहे. राज्याच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायतींच्या पातळीवर हजारो स्वयंचलित पर्जन्यमापक उभे केले आहेत. दर पंधरा मिनिटांचा पाऊस बंगळुरूत दिसतो. खानापूर तालुक्यातल्या आमगावला २०१० मध्ये दहा हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस नोंदला गेला, हेही मोजणीमुळेच कळलं. आकडा आहे, पण तो उताराखालच्या घराच्या दारापर्यंत येत नाही. किती दिवसांत किती पाऊस झाला की कोणत्या वाडीने घर सोडायचं, हा शेवटचा धागा जोडायचा राहिला आहे.

तो धागा जोडायला बेळगाव, धारवाड, उत्तर कन्नड या तिन्ही जिल्ह्यांत माणसं आहेत. हुबळी-धारवाड, बेळगावमध्ये गिर्यारोहणाची आवड असलेले शेकडो तरुण आहेत, धारवाडला विद्यापीठात भूगर्भशास्त्राचा विभाग आहे, पंचायतींत विकास अधिकारी (पीडीओ) आहेत, शाळांत शिक्षक आहेत. ट्रेकिंगच्या गटांना माझी विनंती आहे: दरवर्षी मे महिन्यात एक मोहीम गडाऐवजी एखाद्या वाडीच्या वरच्या उतारावर काढा. भेगा, कललेले खांब, नवे झरे, उतारांचे कापलेले पाय यांची छायाचित्रं आणि जागा नोंदवा, ती ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना लेखी द्या, पोच घ्या. शाळेत साधा पर्जन्यमापक लावा आणि मुलांना रोजचा आकडा फळ्यावर लिहू द्या. वाडीतल्या बायकांबरोबर बसून ठरवा की रात्री निघायचं झालं तर कुठल्या वाटेने, कुणाच्या ओसरीवर, म्हाताऱ्यांना कोण उचलणार. हे काम मृग लागायच्या आत झालं पाहिजे.